मंगळवार, दहा वीसचं लग्न

साक्षीदार हा लग्नाचा कणा असतो. नवरा, नवरी, न्यायाधीश हे सगळे आपापल्या कामासाठी तिथं उभे असतात. ज्याला या लग्नातून काहीएक मिळायचं नाही आणि म्हणूनच ज्याच्या शब्दाला वजन आहे, असा माणूस तिथं एकच, साक्षीदार. हे वाक्य मी माझ्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापलंय. आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात गेल्या चौदा वर्षांत तीनशेच्या वर लग्नांच्या कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, आणि त्या जोडप्यांपैकी फार तर दहा जणांची नावं मला सांगता येतील. मी फोटोग्राफर आहे. पळून जाऊन लग्न करणाऱ्यांपाशी सही करायला दुसरं माणूस नसतं, मी तिथं असतोच, आणि माझ्या खिशात पेन असतं.

पळून जाऊन म्हणायचं तेसुद्धा जुन्या सवयीनं. हल्लीचे पळणारे तीन महिने आधी वेळ ठरवतात, पाऊस आला तर काय करायचं ते विचारतात, आणि मी त्यांना एक तक्ता पाठवतो. नऊ चाळीस, गाडी कोर्टाच्या मागच्या आवारात. नऊ पन्नास, दाराशी तपासणी, खिशात चाकू नको. दहा, तळमजल्यावरची परवान्याची खिडकी; तिथंच कुत्र्याचा आणि हरणाच्या शिकारीचा परवाना मिळतो, तेव्हा रांगेत कोण भेटेल सांगता येत नाही, मनावर घेऊ नये. दहा वीस, न्यायाधीश. दहा पंचवीसला संसार सुरू. त्यानंतर अर्धा तास माझा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पूर्वेची उंच खिडकी आहे आणि दहा ते अकराच्या दरम्यान तिच्यातून असा उजेड येतो की वाहनदंड भरायला आलेला माणूससुद्धा तिथं संतासारखा दिसतो. म्हणून मी सगळ्यांना दहा वीसच घ्यायला लावतो. लोकांना वाटतं, याच्यामागे काही विचार असेल.

एप्रिलमध्ये एका सकाळी मिस स्टाडलर नावाच्या वकीलबाईंचं पत्र आलं तेव्हा माझ्या तोंडात टोस्टचा घास होता. तो बराच वेळ तसाच राहिला. पत्रात लिहिलं होतं की ऑर्विल हौगेन फेब्रुवारीत वारले. त्यांची मुलं डेल आणि ग्वेन यांचं म्हणणं असं की अडीच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, त्यांच्या वडिलांचं जे लग्न लव्हर्न प्रुएट या बाईशी लागलं, त्या दिवशी आपण काय करतोय हे वडिलांना कळत नव्हतं. सबब ते लग्न नव्हे, सबब ती बाई विधवा नव्हे, सबब तिनं मेपल स्ट्रीटवरचं घर रिकामं करावं. न्यायाधीश स्वतः मध्यंतरी वारल्यामुळे त्या खोलीत हजर असलेला, त्या बाईखेरीज, एकमेव जिवंत माणूस म्हणजे आपण. तरी शपथेवर जबानी द्यायला यावं, सोबत सगळे फोटो आणावेत. खाली सही होती, अगदी गोल गोल अक्षरांत, वाढदिवसाच्या कार्डावर करतात तशी. मी पत्र उलटं करून मागची बाजू पाहिली. कशासाठी पाहिली कोण जाणे, ती कोरी होती.

ऑर्विल हौगेन मात्र त्या आठवणाऱ्या दहांपैकी होता. तो मला आठवतो त्याचं कारण लग्न नव्हे. मी पहिलीपासून आठवीपर्यंत त्याच्या बसनं शाळेत गेलो. नऊ नंबरची बस, ड्रायव्हरच्या मागच्या सीटला फाटलेल्या जागी हिरवी चिकटपट्टी. रोज सकाळी पहिलं पोर चढलं की ऑर्विल मान वळवायचा आणि चेहऱ्याची एक सुरकुती न हलवता विचारायचा, "काय रे, आज कुठं जायचंय आपल्याला?" आम्ही ओरडायचो, "शाळेत!" तो म्हणायचा, "अरे बापरे. रस्ता माहितीये का कुणाला?" पहिलीतली पोरं रडायची. दुसरीतली हसायची. चौथीत गेलं की कंटाळा यायचा, आणि आठवीत, उतरताना, एखाद्याला अचानक वाटायचं की याला खरंच माहीत नसेल तर? एकदा आमच्यातल्या एकानं त्याला रस्ता सांगायला सुरुवात केली, डावीकडे, मग पुलावरून, मग उजवीकडे, आणि ऑर्विल मुकाट्यानं तो सांगेल तशी बस हाकत त्या पोराच्या आजीच्या गोठ्यापाशी घेऊन गेला. गाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही गाईंकडे पाहिलं. ऑर्विल म्हणाला, "ही शाळा जरा बदललेली दिसतेय," आणि बस वळवली. त्याचा दोन दिवसांचा पगार कापला म्हणतात. पण तेव्हासुद्धा तो हसला नव्हता. हा माणूस चाळीस वर्षं, आठवड्याचे पाच दिवस, आपल्याला काही कळत नाही असं दाखवत होता. आता त्याला एका विशिष्ट मंगळवारी कळत होतं की नव्हतं, हे मी सांगायचं.

त्या लग्नाची वेळ ठरवायला मला फोन लव्हर्नबाईंनी केला होता. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली बाई, वय एकाहत्तर, आवाज असा घुमणारा की पलीकडे मोठं पातेलं असावं. "तुम्ही म्हातारी घेता का?" मी म्हटलं, "कसली म्हातारी?" "पळून जाणारी." मी म्हटलं, वयाची अट नाही, आणि फॉर्मवरचा नेहमीचा प्रश्न विचारला, कुणाला कळू द्यायचं नाहीये? आईवडील, नवऱ्याची आधीची बायको, चर्च, असं काहीतरी लोक सांगतात. "त्याच्या पोरांना," ती म्हणाली. "दोघंही पन्नाशीची आहेत, पण डोळे तिखट. मुलगी दर रविवारी येऊन फ्रिज उघडून बघते." मग ती म्हणाली, "आणि सकाळची वेळ द्या हो. सकाळी तो चांगला असतो." मी वहीत लिहिलं, सकाळ. पुढे कंसात लिहिलं, उजेड चांगला. ती वही अजून आहे. पत्र आलं त्या दिवशी मी ती काढून ते पान किती वेळा वाचलं असेल. सकाळी तो चांगला असतो. म्हणजे काय? म्हणजे दुपारी तो काय असतो? पण मी स्वतः चौपन्न वर्षांचा आहे आणि दुपारी चारनंतर मीही चांगला नसतो, कुणी माझ्याशी लग्न लावू नये. माझी आई शेवटपर्यंत शहाणी होती आणि जेवल्यावर तिला माझं नाव सापडायचं नाही, कुत्र्याच्या नावानं हाक मारायची. कुत्रा मरून वीस वर्षं झाली होती. मी ओ द्यायचो. त्या ओ देण्याला जबानीत काय म्हणतात?

मी फोटो संगणकावर उघडले. एकशे बारा. कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ लिहून ठेवतो, सेकंदासकट, त्यामुळे त्या मंगळवारचा हिशोब माझ्यापेक्षा कॅमेऱ्याला जास्त माहीत. नऊ एक्कावन्नला ऑर्विल दाराशी, करड्या सुटात, खिशातून चाकू काढून पहारेकऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवताना. मी तक्त्यात लिहिलं होतं तरी चाकू आणलाच. आमच्याकडचे या वयाचे पुरुष खिशात चाकू नसला तर पँट घातली नाही असं समजतात. तेव्हा तो पहारेकऱ्याला म्हणाला होता, "परत देशील ना? केक कापायचाय आज." हे मला स्पष्ट आठवलं आणि मी खुर्चीत टेकलो. केक! म्हणजे कळत होतं. पण मग वाटलं, केक वाढदिवसालाही कापतात. दहा चारला दोघं परवान्याच्या खिडकीपाशी, मागे शिकारीच्या परवान्याला आलेला एकजण टोपी काढून उभा. खिडकीतल्या बाईनं विचारलं होतं, "आधीचं लग्न कसं संपलं?" हा छापील प्रश्न आहे. ऑर्विल म्हणाला होता, "शांतपणे." बाईनं लिहिलं, मृत्यू. हे शहाण्याचं उत्तर की वेड्याचं? मला तेव्हा ते इतकं आवडलं होतं की मी घरी येऊन मोठ्यानं म्हणून पाहिलं. घरात कुणी नव्हतं. माझं स्वतःचं लग्न शांतपणे संपलं नाही, आणि माझ्या बायकोनं, जनीननं, जाताना जे सांगितलं ते फार वाईट नव्हतं, फक्त खरं होतं. ती म्हणाली, "तू काही बघत नाहीस रॉजर, तू फक्त नेम धरतोस." मला वाटायचं की हे माझ्या धंद्याचं कौतुक आहे. बरीच वर्षं तसं वाटत होतं.

दहा सतराला न्यायाधीशांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ऑर्विल एकटा. लव्हर्नबाई केस नीट करायला गेल्या होत्या. या फोटोत तो माझ्याकडे बघतोय. हा फोटो काढल्यावर मी कॅमेरा खाली घेतला आणि त्यानं मला बोटानं जवळ बोलावलं. हे फोटोत नाही, हे फक्त माझ्यापाशी आहे. मी वाकलो. त्याच्या अंगाला कापराचा वास येत होता, कपाटात बरेच दिवस ठेवलेल्या सुटाचा. तो म्हणाला, "पोरा, हे लग्न कुणाचंय?"

मी हसलो. कोर्टातल्या दहा नवऱ्यांतले चार हाच विनोद करतात. तीन जण मागचं दार कुठंय विचारतात. मी सगळ्यांना जे म्हणतो तेच म्हणालो, "तुमचंच. आता सुटका नाही." तो म्हणाला, "असं होय," आणि टाय सरळ केला. टाय सरळच होता.

हे मी अडीच वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता ते जात नव्हतं. दाढी करताना, पेट्रोल भरताना, दुसऱ्या लग्नाच्या तक्त्यावर नऊ चाळीस, नऊ पन्नास लिहिताना ते यायचं, आणि दर वेळी त्याचा आवाज निराळा असायचा. कधी बसमधला. कधी माझ्या आईचा. मी ते वाक्य इतक्या वेळा आठवलं की त्याच्यावर माझ्याच बोटांचे ठसे पडले, आणि खालचं मूळ काय होतं ते दिसेनासं झालं. खोलीत तर त्याहून पंचाईत. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही हिचा स्वीकार करता का? दहा तेवीस आणि आठ सेकंदांचा एक फोटो आहे, ऑर्विलचे ओठ मिटलेले. दहा तेवीस आणि एकोणीस सेकंदांचा दुसरा, ओठ मिटलेले. अकरा सेकंद. मधे मी काय करत होतो? मला माहीत आहे मी काय करत होतो. न्यायाधीशांच्या मागे भिंतीवर आगीच्या वेळी बाहेर पडायच्या मार्गाचा तांबडा नकाशा होता आणि मी तो चौकटीतून घालवायला डावीकडे सरकत होतो. दहा तेवीस आणि चोवीस सेकंदांच्या फोटोत ऑर्विलचं तोंड उघडं. लव्हर्नबाईंचा हात त्याच्या कोपरावर. मी तो हात मोठा करून पाहिला, आणखी मोठा, अंगठ्याची कड पांढरी पडली होती. म्हणजे तिनं दाबलं. पण लग्न लागताना माणूस हात दाबतोच. नाही दाबला तर फोटोग्राफर म्हणून मीच सांगतो, दाबा जरा.

आणि एक्केचाळीस नंबरचा फोटो. तो सगळ्या शहराला माहीत आहे, कारण तो माझ्या दुकानाच्या काचेत आहे. पूर्वेच्या खिडकीखाली, पायऱ्यांवर, मी सगळ्यांना सांगतो तेच ऑर्विलला सांगितलं: "माझ्याकडे नको, तिच्याकडे बघा. असं बघा की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघताय." लोक प्रयत्न करतात. डोळे मोठे करतात, कुणी भुवया उंचावतात. ऑर्विलनं काहीच केलं नाही. त्यानं मान वळवली आणि बघितलं. दोन अनोळखी माणसं एकाच दिव्याखाली येऊन थांबावीत तसं, आदरानं, थोडं घाबरून, ही कोण असेल आणि किती चांगली दिसते. चौदा वर्षांत माझं म्हणणं तंतोतंत पाळलेला तो एकच माणूस. त्या फोटोवर मला निदान चाळीस लग्नं मिळाली असतील. नव्या मुली दुकानात येऊन बोट दाखवतात, आम्हाला हे असं हवंय. मी म्हणतो, जमेल.

जबानीच्या आठवडाभर आधी लव्हर्नबाईंचा फोन आला. मी उभा राहिलो, फोनवर कशाला उभं राहायचं. खटल्याचं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. "तो पायऱ्यांवरचा फोटो मोठा करून देता का? चूल आहे ना माझी, तिच्या वरच्या भिंतीवर मावेल एवढा." मी म्हटलं, देतो. मग मी म्हटलं, "लव्हर्नबाई, मला बोलावलंय त्यांनी." "माहितीये." "मी काय सांगू?" ती म्हणाली, "चुलीवर वाफ येते, तेव्हा काच लावा म्हणजे झालं." आणि फोन ठेवला. ही सूचना होती का? कसली? की तिला खरंच फोटोच हवा होता? तो फोटो हवा म्हणजे तिला त्यात काय दिसतं, तिला ते दिसतंय जे मला दिसतंय, आणि तरी हवाय? की त्यामुळेच? रात्री मला झोपच आली नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी झोपलो. मी काळजीत असलो की झोपतो. जनीनला तेही आवडायचं नाही.

जबानी कोर्टात नव्हती, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मिस स्टाडलरबाईंच्या कचेरीत होती. लांब टेबल, मधे बशीत पुदिन्याच्या गोळ्या, टंकलेखक बाई. एका बाजूला डेल आणि ग्वेन. डेलचे कान वडिलांचे होते, मला नऊ नंबरच्या बसमध्ये मागून दिसायचे ते. दुसऱ्या बाजूला लव्हर्नबाई, पर्स मांडीवर धरून, आणि त्यांचे वकील, ज्यांना सर्दी होती. मी हात वर करून शपथ घेतली. तीनशे लग्नांत पहिल्यांदाच कुणी मला शपथ घालत होतं. स्टाडलरबाईंनी विचारलं, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का? उन्हाळ्यात आमच्याकडे घड्याळं एक तास पुढे करतात, तसं ते केलं होतं का? लेन्स कोणती? यात पस्तीस मिनिटं गेली आणि मला वाटू लागलं की सुटलो. मग त्या म्हणाल्या, "मिस्टर ब्लाझेक, त्या दिवशी मिस्टर हौगेन तुमच्याशी स्वतंत्रपणे काही बोलले?"

नाही म्हणता आलं असतं. नाही हा आमच्या काउंटीत फार सभ्य शब्द आहे. लव्हर्नबाई माझ्याकडे बघत होत्या, पण काहीच मागत नव्हत्या, आणि तेच फार कठीण होतं. त्या बाईचं घर, त्या घरातली चूल, त्यावरची माझी काच लावलेली चौकट, सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मला सांगायचं होतं की तो आयुष्यभर असंच बोलायचा, गाईंची गोष्ट सांगायची होती, आईची, कुत्र्याची. पण त्यांनी विचारलं होतं, बोलले का, आणि मी तिथं साक्षीदार होतो. मी म्हटलं, "हो. ते म्हणाले, हे लग्न कुणाचंय." टंकलेखक बाईंची बोटं चालली आणि थांबली. ग्वेननं डोळे मिटले, जिंकलेलं माणूस मिटतं तसे नव्हे. "मग तुम्ही काय केलंत?" "मी हसलो." "का?" "मला वाटलं विनोद आहे." "होता का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्यांचा चेहरा बसमधल्यासारखाच होता." "कुठल्या बसमधला?" मी सांगायला लागलो, आणि डेल मधेच म्हणाला, "गाईंची गोष्ट आम्हाला माहितीये. आम्हीही होतो बसमध्ये. आम्ही रोज पहिल्या सीटवर असायचो, घरीही तेच, बाथरूम कुठंय विचारायचे. आई रडायची कधीकधी." आणि मग, कुणीही न विचारता, लव्हर्नबाई बोलल्या. "मलाही विचारलं होतं त्यानं. गाडीत. म्हणाला, लग्न कुणाचंय? मी म्हटलं, आपलं. तर म्हणतो, मग बरं झालं सूट घातला." त्यांचे वकील नाक पुसत म्हणाले, "लव्हर्न, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही." "विचारलं नाही म्हणून तर सांगते," ती म्हणाली. मग ग्वेनकडे वळून म्हणाली, "तू फ्रिज उघडायचीस ना दर रविवारी, तर तुझ्यामागे उभा राहून मला विचारायचा, ही चांगली बाई कोण, भूक लागलेली दिसते हिला, काही दे." ग्वेन म्हणाली, "हे ते थट्टेत म्हणायचे." लव्हर्नबाई म्हणाल्या, "बघ म्हणजे. तुझ्या बाबतीत थट्टा, आणि माझ्या बाबतीत वेड." डेलनं पुदिन्याची गोळी घेतली आणि कागद इतक्या हळू उघडला की सगळ्यांना ऐकू आला.

मी बाहेर पडलो तेव्हा मला कळेना की मी त्या बाईला बुडवलं की वाचवलं. गाडीत बसून मी किल्ली हातात धरून राहिलो. ते वाक्य बाहेर टाकलं की हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. उलट आता ते आणखी सहा जणांपाशी होतं आणि सहाही जणांच्या कानांत निराळं वाजत असणार. मी आठवून पाहिलं, की तो म्हणाला, असं होय. ते कसं म्हणाला? दिलासा मिळाल्यासारखं? मी उतरून परत वर जावं आणि तेही लिहून घ्या म्हणावं असं वाटलं. पण ते 'असं होय' काय सिद्ध करतं, ते मला एकाही बाजूनं सांगता येईना.

निकाल जूनमध्ये लागला. घर लव्हर्नबाईंकडे राहिलं. मी त्यांच्या सर्दीवाल्या वकिलांना फोन केला आणि विचारलं, माझी जबानी न्यायाधीशांना कशी वाटली? ते म्हणाले, ती कुणी वाचलेली नाही. आमच्या राज्याच्या कायद्यात नवरा-बायकोपैकी एक जण वारला की त्याला लग्नाच्या दिवशी कळत होतं की नव्हतं हा प्रश्न तिसऱ्या माणसाला काढताच येत नाही. हे दोन्ही वकिलांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. निकाल दीड पानाचा आहे. त्यात माझं नाव नाही.